रांगोळीचे बाण

बनशंकरीच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागले की माझी डावी टाच हुळहुळायला लागते. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची इकडची थोरली बहीण. डिसेंबरात थंडी पडली की तिच्या शेंगांवर एक चिकट, उग्र वास चढतो. इकडच्या बायका आधी शेंग नाकाशी धरतात आणि मगच पिशवी पुढे करतात. इतकी वर्षं या गावात काढल्यावर मीही तेच करते. आणि तो वास नाकात गेला की मी बाजारात नसतेच. मी मागडीकडच्या एका मातीच्या रस्त्यावर उभी असते, पायात कॅनव्हासचे बूट, टाचेला लिंबाएवढा फोड, आणि समोर लांबपर्यंत कुणीही नसतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आम्ही तेव्हा बंगलोरच म्हणायचो. सकाळी आठपर्यंत धुकं असायचं, दूधवाला माकडटोपी घालून यायचा, आणि जानेवारीतसुद्धा दुपारी उन्हात बसावंसं वाटायचं. मारतहळ्ळी म्हणजे नुसती शेतं होती. आज माझा मुलगा तिथे नवव्या मजल्यावर राहतो. त्याच्या ऑफिसातली मुलं दर रविवारी डोंगरात धावायला जातात, मनगटावर घड्याळ, घड्याळात नकाशा, नकाशात आपण स्वतः. "आई, तुमच्या वेळी रस्ता कसा कळायचा?" असं त्याने परवा विचारलं. मी म्हटलं, "कळायचा नाही." त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

माझा नवरा सुहास एका सरकारी संशोधन संस्थेत होता. तिथल्या लोकांची एक डोंगरभटक्यांची मंडळी होती. त्यांनी त्या वर्षी टूम काढली की तीन दिवसांची धाव ठेवायची, मागडीच्या बाजूला सुरू करून रामनगरच्या अलीकडे संपवायची. रोज पंचवीस-तीस किलोमीटर. धावायचं जोडीने, दोघांनी प्रत्येक ठाण्यावर एकत्र हजेरी लावायची, आणि पाच वाजायच्या आत मुक्कामाला पोचायचं. कुटुंबातल्या माणसांनाही मुभा होती. मी नावनोंदणीचा कागद घरी आणला आणि टीपॉयवर ठेवला. संध्याकाळी बघते तर नानांनी तो घडी घालून खिशात ठेवलेला.

नाना म्हणजे माझे सासरे. फलटणकडचे निवृत्त पोस्टमास्तर. त्याआधी पोस्टमन म्हणून सहा वर्षं डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पायी टपाल वाटलेले. वय त्रेसष्ट, अंगावर मांस नावाला, आणि बोलणं तारेसारखं, शब्द मोजून. सासूबाई गेल्यावर सुहासने त्यांना आमच्याकडे आणलं. आल्यावर दोन महिन्यांत ते एकदा मल्लेश्वरला म्हणून निघाले आणि संध्याकाळी गावाच्या भलत्याच टोकाला एका बसथांब्यावर सापडले.

"पाटी कन्नडमध्ये होती," नाना म्हणाले.

"मग कुणाला तरी विचारायचं."

"विचारलं. तो कन्नडमध्ये बोलला."

मला हसू आलं, पण सुहासचा चेहरा त्या दिवशी उतरला तो उतरलाच. नानांचं डोकं आता साथ देत नाही असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने घरच्या पत्त्याची चिठ्ठी त्यांच्या खिशात घातली आणि फिरायला जायचं ते देवळाच्या कोपऱ्यापर्यंतच असा नियम केला. वर एक दिवस जेवताना सांगून टाकलं, पुन्हा एकदा असं झालं तर नाना नाशिकला, माझ्या नणंदेकडे. तिथे तळमजला आहे, दिवसभर घरात माणूस आहे, आणि फाटकाला कुलूप असतं. नाना ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

मी स्वतःला मोठी शहाणी म्हणवत नाही. मलाही आतून धाकधूक होतीच. कधी चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे, कधी दुपारी झोपेतून उठून सासूबाईंना हाक मारायचे. हे साधं म्हातारपण की आणखी काही, मला कळत नव्हतं. पण रोज देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, तिथे क्षणभर थांबून परत वळणारा तो माणूस मला खिडकीतून दिसायचा, आणि मला ते बघवायचं नाही. म्हणून जेव्हा नाना म्हणाले, "मी येतो," तेव्हा मी दोघांचंही नाव घातलं.

सुहास भडकला. अगदी भांडी वाजली आमच्याकडे. शेवटी मी म्हटलं, "मी आहे ना बरोबर. तीन दिवस त्यांना नजरेआड होऊ देणार नाही."

"आणि झाले तर, शैला?"

"तर नाशिकला पाठव. मी एक शब्द बोलणार नाही."

बोलून बसले. माझी जीभ नेहमी माझ्या पुढे दोन पावलं असते.

रस्त्यावर खुणा कशाने करायच्या यावर मंडळींची बैठक झाली. रंग लावला तर खडक खराब होतात, कागद वाऱ्याने उडतात, कापडाच्या पट्ट्या बकऱ्या खातात. इंजिनीअर माणसं ती, तासभर डोकं खाजवत बसली. मी चहा घेऊन बसले होते. म्हटलं, "रांगोळी टाका की. स्वस्त, पांढरीशुभ्र, कुणाचं काही बिघडत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर टाळी दिली. दुसऱ्या दिवसाच्या वाटेवरचे बाण काढायचं काम मोठ्या कौतुकाने माझ्याकडेच आलं. शर्यतीच्या आदल्या दुपारी मी रुद्रेशच्या, म्हणजे संस्थेतल्या एका तरुण सहकाऱ्याच्या, स्कूटरवरून आणि पुढे पायी फिरून एकूणएक वळणावर बाण काढले. सुबक, टोकदार. आमच्या क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर उंबऱ्याला प्लॅस्टिकची रांगोळी चिकटवलेली, त्यामुळे खऱ्या रांगोळीची चिमूट हातात आल्यावर मी खूशही झाले होते.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. सगळी वाट खडकांची आणि झुडपांची होती, माणूस क्वचित. ते काळे गुळगुळीत डोंगर उन्हात हळूहळू तापत होते, घाणेरीच्या झुडपांतून वाट जात होती, चिंचेखाली सावली मिळत होती. नाना धावायचे म्हणजे काय, एका लयीत तुरूतुरू चालायचे, चढावरही तेच, उतारावरही तेच. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर पांढरी टोपी. मी पळत पुढे जायची, धापा टाकत थांबायची, आणि ते त्याच चालीने मला गाठायचे. "घाई कशाला," एवढंच म्हणायचे. संध्याकाळी शाळेच्या वर्गात सतरंजीवर पाय पसरून ते भिंतीला टेकले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. आवाज इतका बेसूर होता की मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच ठाण्यावर माझ्या टाचेचा फोड फुटला. बूट काढला, पट्टी बांधायला बसले. नाना उभे राहून कॉफी प्यायले आणि म्हणाले, "मी हळूहळू पुढे होतो. थांबलो की गुडघे आखडतात."

मी म्हटलं, "सरी." म्हणजे बरं; इकडे राहून लागलेली सवय. पट्टीकडे बघतच म्हटलं. पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न होता, वाटेवर बाण होते, बाण माझ्या हातचे होते.

पुढे बारा-पंधरा घरांची एक हळ्ळी लागली. धनुर्मास चाललेला. प्रत्येक दारापुढे सडा घालून जमीन ओली, काळीशार, आणि तिच्यावर रांगोळ्या. शेवटच्या घरापुढची तर विचारू नका. ठिपक्यांची, अंगणभर पसरलेली, मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. मी चक्क थांबले. किती सुंदर म्हणून एक क्षण बघितली, आणि पाठ असलेल्या वाटेने डावीकडे डोंगराला लागले. कुठल्या गोष्टीला आपण सुंदर म्हणून आलो हे मला तासाभराने कळायचं होतं.

चढ मोठा होता. प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता टोपी दिसेल. म्हातारा आज जोरात आहे, असं मनाशी म्हणत होते. डोंगर उतरून पलीकडच्या ठाण्यावर पोचले तर रुद्रेश यादी घेऊन बसलेला. त्याने माझ्या मागे बघितलं.

"अक्का, ताता एल्लि?" आजोबा कुठे, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "ते माझ्या पुढे होते."

"इकडे कुणी नाही आलं. तीन जोड्या उशिरा आल्या, चिडलेल्या. म्हणाल्या, त्या हळ्ळीत बाणच नव्हता, विचारत विचारत आलो."

बाण नव्हता. आणि मग ती ओली जमीन डोळ्यांपुढे आली. लहानपणी दहा वर्षं आमच्या दारात रोज सकाळी मीच सडा घालत होते. काल दारात काय सांडलंय, पडलंय, ते सगळं झाडून, शेणपाणी शिंपडून, मग नवी रांगोळी. आदल्या दिवशीची रांगोळी दारात राहू देणं म्हणजे घरात बाई नाही असं सांगणं. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? संस्थेतल्या इंजिनीअरांना नव्हतं सुचलं ते ठीक, त्यांनी कधी हातात केरसुणी धरली नव्हती. मी धरली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत.

मी उलटी पळाले. रुद्रेश "थांबा, मी येतो" म्हणत होता, पण त्याला ठाणं सोडता येत नव्हतं. तो डोंगर मी कसा चढले आणि कसा उतरले, आठवत नाही. आठवतात ती मनात आलेली चित्रं. कठडे नसलेल्या विहिरी. त्या भागात अस्वलं आहेत हे नेमकं तेव्हाच आठवलं. चष्मा शोधणारे नाना आठवले, भलत्या थांब्यावर बसलेले नाना आठवले. त्यांना कन्नडचा एक शब्द येत नाही. ते आता कुठल्या तरी रानात सासूबाईंना हाक मारत फिरत असतील आणि हे सगळं मी केलं, माझ्या हाताने, सुबक बाण काढून. सुहासला काय सांगू? नाशिकचं फाटक मला कुलपासकट दिसत होतं. मी रडत नव्हते, पण तोंडातून काहीतरी आवाज येत होता, तो मलाच ऐकू यायचा.

शेवटच्या घरातली बाई ओट्यावर अवरेकाई सोलत बसली होती. साठीची असेल. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, इथे पांढरी खूण होती ती?

"ती तुमची होय?" ती म्हणाली. "कुणीतरी दारात पूड सांडून गेलं होतं. धनुर्मासात दार असं ठेवतात का? झाडून टाकली."

मी म्हटलं, बरोबर केलंत. आणि खरंच बरोबर होतं तिचं. मग टोपीवाल्या आजोबांचं विचारलं.

"बिळी टोपी ताता? ते इथेच उभे होते. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी वर बोट दाखवलं तर त्यांना कळेना. सरळ रस्त्याने थोडे गेले, परत आले, पुन्हा उभे राहिले. मग अंचेची सायकल आली, तिच्या मागे गेले."

अंचे म्हणजे टपाल. मी तिला पुन्हा विचारलं, कसली सायकल? तिने हातानेच पिशवी दाखवली. टपालाची पिशवी पुढच्या गावी नेणारा सायकलवाला. तिने मूठभर शेंगा माझ्या हातात कोंबल्या आणि "स्वल्प नीर कुडी" म्हणून पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यायले, शेंगा तशाच मुठीत धरून पळत सुटले.

तो गाडीरस्ता होता. लोकांनी त्यावर नाचणीची कणसं पसरली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीने मळली जावीत म्हणून. त्या मऊ, सरसरत्या थरावरून मी धावत होते, कडेच्या बायका ओरडून काही सांगत होत्या, हसत होत्या. तीन-चार किलोमीटर असतील. पायांना काही वाटत नव्हतं. मनात एकच हिशेब चालला होता, पिशवीच्या मागे गेला असेल तर माणसाचं डोकं अजून जागेवर आहे. डोकं गेलेला माणूस पिशवी ओळखेल का? की ओळखेल, आणि एवढंच ओळखेल? हा दुसरा विचार मला पुरता वाळवून गेला.

गावात शिरल्याबरोबर एका घराच्या पडवीवर टांगलेली लाल पेटी दिसली. आत एक टेबल, टेबलाशी जाड चष्म्याचे, धोतर नेसलेले त्या गावचे पोस्टमास्तर, आणि त्यांच्या शेजारी बाकावर नाना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, सुतळीचं टोक दातात धरलेलं, आणि हातात पत्रांचा गठ्ठा. बांधत होते. दोघांचं संभाषण चाललेलं. हे म्हणत, "इन्सफिशिअंट अॅड्रेस." ते म्हणत, "हौदु, हौदु. रिटर्न टु सेंडर." दोन्ही माणसं अगदी गंभीर होती.

मला बघून नानांनी सुतळी सोडली. "आलीस? बस. पाणी पी."

"नाना, तुम्ही इथे कसे?"

मग त्यांनी सांगितलं, तेही तारेसारखंच. "फाट्यावर बाण नव्हता. सरळ अर्धा फर्लांग गेलो, तिथेही नाही. परत आलो. दोन वाटा, खूण नाही, भाषा येत नाही. चुकलेलं टपाल दारोदार फिरवायचं नसतं. जवळच्या पोस्टात जमा करायचं. पत्ता माहीत असणारा येतो तिथे."

"आणि खिशातली चिठ्ठी? ती का नाही दाखवलीत?"

"त्यावर घरचा पत्ता आहे. त्यांनी घराकडच्या बसमध्ये बसवून दिलं असतं. मला घरी नव्हतं जायचं, पुढच्या ठाण्यावर जायचं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. हा वाक्प्रचार मी हजार वेळा वापरला असेन, पण त्या पडवीत तो खरोखर पडलेला मी ऐकला. मी खाली बसले, पाय पोटाशी घेतले आणि भडाभडा रडले. पोस्टमास्तर गोंधळून आत गेले आणि ताक घेऊन आले. माणूस सापडला एवढ्याचंच ते रडणं नव्हतं. त्यांचं डोकं जागेवर होतं. माझ्यापेक्षा, सुहासपेक्षा, बैठकीतल्या सगळ्या इंजिनीअरांपेक्षा जागेवर होतं. गेले कित्येक महिने माझ्या छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मला इतकं हलकं वाटलं की तोल सांभाळायला मी बाकाचा पाय धरला. नानांनी माझी मूठ उघडून शेंगा काढून घेतल्या, एक नाकाशी धरली आणि म्हणाले, "उग्र आहे. पण बरी आहे."

मी त्यांना बाणांचं सगळं सांगितलं. ही युक्ती माझी होती, हे खासकरून सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सडा घालणारच की बाई."

त्या दिवशी आम्ही मुक्कामावर पोचलो तेव्हा पाच कधीच वाजून गेले होते. यादीतून आमचं नाव कटलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तरीही धावलो, बिननंबराचे, सगळ्यांच्या मागून. रुद्रेशने पहाटे उठून गावागावात जाऊन दगडांच्या राशी रचल्या होत्या. तुतीच्या शेतांच्या कडेने वाट होती, ऊन कोवळं होतं, माझी टाच ठणकत होती, आणि मी आयुष्यात इतक्या निवांतपणे कधी धावले नाही. नाना पुढे, मी दहा पावलं मागे. एकदाही पुढे गेले नाही.

पण त्याआधी, दुसऱ्या दिवशीच संध्याकाळी, मुक्कामाच्या गावातल्या टेलिफोनच्या बूथवर जायचं होतं. सुहास घरी वाट बघत असणार. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. खोटं बोलायचं नाही हे ठरवलं होतं. शब्द दिला होता, तो मोडला होता. बाणांची चूक माझी, पण सुहासला त्यातून ऐकू येणार होतं ते एकच, नाना पुन्हा हरवले. तीन तास हरवले, आणि तेही डोंगरात. त्यापुढे मी काहीही म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं.

मी नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली आणि नानांनी माझ्या हातून रिसीव्हर काढून घेतला.

"हं, सुहास. मी बोलतोय. बरा आहे. नाही, गुडघे ठीक आहेत." मग जरा थांबले. "आज शैला हरवली होती. हो. तीन तास. बाण पुसले गेले होते. मी पोस्टात बसून तिची वाट बघितली. नाही, नाही, सापडली. इथेच आहे. तिला रागावू नकोस. मुलूख नवा आहे, होतं असं." आणि रिसीव्हर माझ्याकडे देऊन ते बूथच्या बाहेर जाऊन उभे राहिले, दारावरची कन्नड पाटी वाचत असल्यासारखे.

"काय गं," सुहास म्हणाला, "तू हरवलीस? एवढं कन्नड येऊन?"

मी काचेतून नानांच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ ताठ होती, आणि जराही हलत नव्हती.

"हो," मी म्हटलं. "मीच हरवले. नाना होते म्हणून निभावलं."

पलीकडे तो हसला, मोकळेपणाने, खूप दिवसांनी. नाना त्यानंतर अकरा वर्षं आमच्याकडे होते, आणि रोज सकाळी मन मानेल तिथवर फिरायला जात. आल्यागेल्याला ते सून हरवल्याची गोष्ट सांगायचे, मी समोर बसून मान डोलवायची. नाशिकचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.